थेम्सचा लाकडी नकाशा, एक पावसाळा भिंतीवर काढल्यानंतरचा रिव्ह्यू

जूनच्या शेवटी मागवलेला, आता दसरा आला तरी रिव्ह्यू टाकला नव्हता, कारण लाकडाची कुठलीबी वस्तू एक पावसाळा काढल्याशिवाय तिला चांगलं-वाईट म्हणायचं नाही ही आमच्या वडिलांची शिस्त. धंदा आमचा पॅटर्न मेकरचा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात शेड आहे, फौंड्रीला ओतकामाचे साचे पाडायला लागणारे लाकडी नमुने, म्हणजे पॅटर्न आणि कोअर बॉक्स करतो, तीस वर्षं झाली. त्यामुळं बाकीचे लोक "वॉव ब्युटीफुल" लिहून पाच स्टार देतात तसं माझ्याच्यानं होणार नाही, आधीच सांगून ठेवतो. माझे तीन.

वस्तू काय आहे ते सांगतो. लंडनमधनं थेम्स नदी जाते तेवढ्या भागाचा थराथराचा लाकडी नकाशा. वरच्या थरात शहर, रस्ते लेझरनं कोरलेले, आणि नदीच्या जागी कापून खाली निळ्या रंगाचे चार थर, एकाखाली एक, म्हणजे नदी खोल दिसते. काळी फ्रेम, पुढं काच नाही. तीन फूट बाय दीड फूट. ४,८०० रुपये पडले. विकणाऱ्याचं नाव घालत नाही, तक्रारी बऱ्याच आहेत आणि माणूस फोनवर गोड बोलला बिचारा.

घ्यायचं कारण पोरगी. मास्टर्स करायला तिकडं गेलीय, ग्रीनविचला राहते, आणि तिच्या आईचा रोजचा एकच प्रश्न, "नेमकी कुठं राहती ती?" मोबाइलवर दाखवलं की म्हणणार ते हलतंय, मला भिंतीवर बोटानं दाखवा. म्हटलं घेऊया. आणि दुसरं म्हणजे आमचं घर शुक्रवार पेठेत, पंचगंगेच्या अंगाखांद्यावर वाढलेली माणसं आम्ही, नदी दिसली की बघितल्याशिवाय पुढं जाता येत नाही, मग ती कुणाची का असेना.

पॅकिंग ठीक होतं. बबल रॅप, वर थर्माकोल, वर खोका. भर पावसात कुरिअरवाल्यानं रेनकोटाच्या आत धरून आणला, त्याला चहा पाजला. पण उघडलं तर बरोबर मधोमध तुकडा मोडलेला. लंडनचा नकाशा बघितलेल्यांना माहीत असेल, पूर्वेला नदी एकदम खाली वळसा घेते आणि परत वर जाते, त्या वळशात जमिनीची एक जीभ लोंबत असते, तिला आयल ऑफ डॉग्ज म्हणतात. बायको म्हणाली कुत्र्यांचं बेट. खरं तर बेट नाहीच ते, तिन्ही बाजूनं पाणी आणि वरनं जमिनीला जोडलेलं. १८०२ साली त्याच्या मानेतच मोठ्या गोद्या खणल्या, वेस्ट इंडिया डॉक्स, तेव्हा कुठं जरा बेटासारखं झालं. आता तिथं कॅनरी व्हार्फच्या काचेच्या बिल्डिंगी आहेत. तर ही जीभ मानेत मोडून खोक्यात सैल पडलेली, आणि खालच्या टोकाचा कपचा गायब.

का मोडली हे मला दोन सेकंदात कळलं. प्लायची नस, म्हणजे लाकडाच्या रेषा, आडवी ठेवलीय. मान बारीक, आणि नस मानेला आडवी, म्हणजे तिथं ताकदच नाही, बिस्किटासारखं तुटणार. शीट फिरवून कापलं असतं तर नस उभी आली असती आणि हा प्रॉब्लेमच नव्हता. पण आता कापणारा स्क्रीनवर बघतो, लाकडाकडं बघत नाही. फोन केला. ते म्हणाले सर फोटो पाठवा, पाठवला, आठ दिवसात तुकडा पाठवून देतो म्हणाले आणि खरोखर दिला. बसवायला गेलो तर उलटा! म्हणजे आरशात बघितल्यासारखा कापलेला, उजवं डावीकडं. परत फोन केला नाही. पुढं काय केलं ते नंतर सांगतो.

मटेरियल. जाहिरातीत "बर्च प्लाय" लिहिलंय. वरचा थर प्लाय आहे, मान्य. खालचे चारीच्या चारी थर तीन एमएमचे एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, वर निळा रंग मारलेला. कडेला लेझरचा काळा जळका पट्टा, बोट फिरवलं की बोट काळं. एकशेवीसच्या पॉलिश पेपरनं दोन मिनिटांचं काम होतं, केलेलं नाही. लेझरची बारकाई मात्र मानली पाहिजे, टॉवर ब्रिजचे दोन मनोरे तांदळाएवढे असून वेगवेगळे दिसतात.

आता मुख्य तक्रार. तुम्ही म्हणाल शोपीसला एवढं काय, पण त्यांनी स्वतःच जाहिरातीत लिहिलंय की नदीची "खरी खोली" दाखवलीय, म्हणून बोलायला लागतंय. ही खरी खोली नाही. नदीच्या काठाची रेघ घेतलीय, ती कॉम्प्युटरनं सगळीकडनं सारखी आत सरकवलीय, परत आत, परत आत. ऑफसेट मारलाय. त्यामुळं नदी सगळीकडं मध्यात खोल आणि दोन्ही काठांना सारख्या पायऱ्या, बाथटबसारखी. अहो, वळणावर नदी अशी असते होय? पंचगंगेत पोहायला शिकलेलं दहा वर्षांचं पोरगं सांगेल तुम्हाला. वळणाच्या बाहेरच्या अंगाला नदी काठ खात असते, तिकडं डोह, आणि आतल्या अंगाला गाळ टाकत असते, तिकडं उतार. थेम्स तर लंडनमध्ये नुसती वळणंच घेत जाते, तिथं हा प्रकार ठिकठिकाणी दिसायला पाहिजे होता. ग्रीनविच त्या वळशाच्या बाहेरच्या अंगाला आहे, आणि पोरगी सांगते तिथला काठ नदीनं इतका खाल्लाय की जुन्या राजवाड्याच्या धक्क्याचे लाकडी खांब गाळातनं उघडे पडलेत, शेकडो वर्षांपूर्वीचे. नकाशात तिथं काय, तर इकडं जेवढ्या पायऱ्या तेवढ्याच तिकडं.

आणि याच्यापेक्षा मोठं म्हणजे, ही नदी दिवसातनं दोनदा उलटी वाहते ही गोष्ट नकाशात कुठंच नाही. मलाबी माहीत नव्हतं, लाजायचं कशाला. आपल्याकडं नदी म्हणजे एका दिशेला. पहिल्या महिन्यात पोरीनं व्हिडिओ कॉल केला, नदीच्या काठच्या दगडी पायऱ्या उतरून खाली गेली होती, खाली वाळू, गोटे, विटांचे तुकडे, "पप्पा मी आत्ता नदीच्या पात्रात उभारलोय" म्हणाली (आमच्याकडं पोरीबी 'उभारलोय'च म्हणतात, लंडनला जाऊन सुटलेलं नाही, सुटू नये). आणि त्याच दिवशी रात्री आमची जेवणं झाल्यावर परत कॉल, तीच जागा, पायऱ्याच नाहीत! पाणी वर कठड्याच्या जवळ. मी म्हटलं पाऊस झाला का गं वरती? म्हणाली पाऊस कुठला, भरती आहे.

लंडन ब्रिजपाशी भरती-ओहोटीत सात मीटरपर्यंत फरक पडतो. सात मीटर म्हणजे तेवीस फूट. कोल्हापूरकरांना फुटात सांगितल्याशिवाय कळत नाही, आपलं सगळं पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावरच्या पाण्याच्या मापावर चालतं, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, पावसाळ्यात लोक एकमेकाला नमस्कार न करता "किती झालं?" विचारतात. आपल्याकडं पाणी तेवीस फूट चढायला घाटात धो-धो पाऊस लागतो, धरणाचे दरवाजे उघडावे लागतात, दिवसच्या दिवस जातात. तिथं सहा तासात चढतं, सहा तासात उतरतं, दिवसातनं दोनदा, आणि कोण वळूनबी बघत नाही, ऑफिसला जातात. भरती चढताना कचरा, लाकडाचे ओंडके सगळं वरच्या दिशेला वाहत जाताना दिसतं. ही भरती जिथंपर्यंत पोचते त्या जागेचं नाव टेडिंग्टन. तिथं बांध आणि लॉक आहे, त्याच्या वर थेम्स आपल्यासारखी साधी एकमार्गी नदी, त्याच्या खाली समुद्राची नोकर. या नदीवरची सगळ्यात महत्त्वाची जागा कुठली म्हटलं तर मी हीच म्हणेन, आणि नकाशा रिचमंडला कापलाय! म्हणजे टेडिंग्टन फ्रेमच्या बाहेर चार बोटांवर राहिलं. फ्रेम चार बोटं वाढवली असती तर काय बिघडलं असतं.

खाली एक पट्टी आहे, त्यात उगमापासून समुद्रापर्यंत अख्खी नदी बारीक करून कोरलीय. हा भाग मला सगळ्यात आवडला, त्याचे मार्क वेगळे देतो. पण त्यातबी ऑक्सफर्ड आहे, रेडिंग आहे, विंडसर आहे, टेडिंग्टन नाही. एकूण लांबी ३४६ किलोमीटर. उगम ग्लॉस्टरशरमध्ये केंबल गावाजवळ, थेम्स हेड म्हणतात, शेतात एक दगड आहे आणि उन्हाळ्यात तिथं पाण्याचा थेंबबी नसतो. काही लोक म्हणतात खरा उगम तो नव्हेच, चर्न नावाची उपनदी जिथनं निघते ते सेव्हन स्प्रिंग्ज हा धरा. आपल्याकडं यावर वाद झाला असता तर दोन्हीकडं देवळं बांधून झाली असती.

त्या उगमाची उंची समुद्रसपाटीपासून साधारण ११० मीटर. आता हे वाचा आणि थांबा जरा. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. म्हणजे आमच्या पंचगंगा घाटावरची सगळ्यात खालची पायरीसुद्धा थेम्सच्या उगमाच्या जवळपास पाचपट उंचीवर! ३४६ किलोमीटर जायचंय आणि उतरायचंय फक्त ११० मीटर, किलोमीटरला फूटभर उतार. म्हणून ती अशी निवांत, वळणं घेत. आमच्या भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी सह्याद्रीवरनं धाडकन उतरतात, प्रयाग चिखलीला एकत्र येतात (पाचवी सरस्वती, ती गुप्त, तिला पूर नसतो), आणि तिथनं पुढं नृसिंहवाडीपर्यंतची ऐंशीएक किलोमीटर पंचगंगा सपाट पडते. वरनं पळत आलेलं पाणी खाली येऊन दमतं, आणि दमतं ते नेमकं आमच्या पेठेत.

शेडवर चहाला चारपाच जण जमतात, तिथं हा विषय निघाला तेव्हा एकजण म्हणाला लंडनची नदी म्हणजे मोठी असणार, आपली काय. मग आम्ही आकडा काढला. टेडिंग्टनपाशी थेम्सचा वर्षाचा सरासरी विसर्ग सेकंदाला साधारण ६५ घनमीटर. क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला घनफुटात केला तर २,३०० च्या आसपास. राधानगरीचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १,४२८ क्युसेक. म्हणजे ज्या नदीवर एवढं साम्राज्य उभं राहिलं ती सरासरीला राधानगरीचे दोन दरवाजेबी भरत नाही! शाहू महाराजांनी घातलेल्या धरणाला असले सात दरवाजे आहेत. शेडमध्ये जो काही आरडाओरडा झाला, नाद खुळा. अर्थात ही सरासरी झाली, पूर आला की त्यांचाबी आकडा कित्येक पट होतो, आणि आपली पंचगंगा एप्रिलमध्ये बघितली तर गप्पच बसायला लागतं. पण एवढी रुंद दिसते कशी मग? तर लंडनमध्ये दिसतं ते बरंचसं भरती-ओहोटीनं वरखाली येऊन-जाऊन असलेलं पाणी.

आता थेम्स बॅरियर, समुद्राचं चढलेलं पाणी अडवायचा दरवाज्यांचा बांध. नकाशात वूलिचजवळ नदीवर एक तुटक रेघ मारलीय आणि बारीक अक्षरात नाव. बस. अरे, जगातल्या नावाजलेल्या फॅब्रिकेशनपैकी एक काम आहे ते आणि तुम्ही तुटक रेघ मारता? मी पोरीला मुद्दाम तिकडं पाठवलं फोटो काढायला. ५२० मीटर रुंद नदी, त्यात ओळीनं खांब, खांबांवर स्टेनलेस स्टीलच्या चकचकीत टोप्या, आणि मधनं जहाजं जातात. मधले दरवाजे दिसतच नाहीत, कारण ते नदीच्या तळाशी काँक्रीटच्या खाचेत आडवे झोपलेले असतात. एकूण दहा दरवाजे, त्यातले मोठे चार, एकेकाची खिडकी ६१ मीटर, एकेकाचं वजन तीन हजार टनांच्या वर. आडवा छेद घेतला तर इंग्रजी डी सारखा, दोन्ही टोकांना चाकं, चाक फिरवलं की डी उभा राहतो आणि भिंत होते. आतनं पोकळ, पाण्यात असताना पाणी भरतं, वर येताना निथळतं. गॅसच्या शेगडीचा कॉक फिरतो त्यावरनं ही आयडिया सुचली म्हणतात. मला दोन दिवस झोप नव्हती. चुलीपुढं उभं राहून कॉक फिरवत बसलो तर बायको म्हणाली गॅस गळतोय का?

हे केलं कशाला, तर १९५३. ३१ जानेवारीच्या रात्री उत्तर समुद्रात वादळ, त्यात भरती, पाणी किनाऱ्यावर चढलं, इंग्लंडमध्ये तीनशेच्या वर माणसं गेली, थेम्सच्या मुखाजवळच्या कॅन्वे बेटावर एकट्या जवळपास साठ. हॉलंडमध्ये तर अठराशेच्या वर. त्याआधी १९२८ च्या जानेवारीत खुद्द लंडनमध्ये रात्री पाणी घुसून तळघरात झोपलेली चौदा माणसं बुडाली होती. तरी बॅरियर व्हायला १९८२ उजाडलं, उद्घाटन १९८४ ला. तीस वर्षं. हे वाचून मला जरा बरं वाटलं, म्हणजे फाइल फक्त आपल्याकडंच फिरत नाही. तेव्हापासून दोनशेच्या वर वेळा तो बंद केलाय.

पण त्यातली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त भिडली. २०१३-१४ च्या हिवाळ्यात तो पन्नास वेळा बंद केला आणि त्यातल्या बऱ्याच वेळा समुद्राच्या भीतीनं नाही, वरनं येणाऱ्या पुरासाठी. कसं, तर ओहोटीला नदी रिकामी झाली की लगेच दरवाजे लावायचे, भरती आत घ्यायचीच नाही, म्हणजे वरनं येणाऱ्या पुराच्या पाण्याला आत जागा राहते. खालच्या पाण्यानं वरचं पाणी अडून मागं चढतं त्याला आपल्याकडं काय म्हणतात? फुगवटा! कृष्णा भरली की नृसिंहवाडीला पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं फुगतं, आणि इकडं शहरात चढतं. खाली कर्नाटकात कृष्णेवरच्या आलमट्टी धरणाचं पाणी किती ठेवलंय यावर दर पावसाळ्यात जे रामायण होतं ते याच फुगवट्यावरनं, कोण म्हणतो आहे, कोण म्हणतो नाही, मी त्यात पडत नाही. पण खालचं पाणी वरच्या पाण्याला अडवतं हे आम्हाला कुणी शिकवायला नको. २०१९ ला आणि परत २०२१ ला बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेलं, हायवे शिरोलीपाशी बंद, चिखली-आंबेवाडीची माणसं बोटीनं काढली. दोन्ही वेळेला आमच्या पेठेत बोटी फिरल्या. दोन्ही वेळेला शेडवर पॅटर्न माळ्यावर चढवत रात्र काढली.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की नदीचा नकाशा विकताय तर नदी कुठनं जाते एवढंच सांगून भागत नाही, पाणी चढल्यावर ती कुठं जाते ते दाखवा. या नकाशात काठाची रेघ एकदम फायनल, जणू नदी तिथंच राहणार कायम. लंडनची ती रेघसुद्धा माणसानं ओढलेली आहे. पूर्वी नदी रुंद होती, पसरट, दोन्ही काठांना चिखल. १८५८ च्या उन्हाळ्यात गावाची सगळी घाण नदीत साठून असा वास सुटला की पार्लमेंटच्या पडद्यांना ब्लीचिंगसारखं औषध लावायची वेळ आली, आणि स्वतःच्या नाकाशी आल्यावर सरकार हललं. जोसेफ बाझलगेट नावाच्या इंजिनियरनं काठाला समांतर मोठी गटारं घातली, ती झाकायला नदीत भराव टाकून बांध घातले, त्यातला व्हिक्टोरिया एम्बँकमेंट १८७० ला खुला झाला. आज लोक जिथं फिरायला जातात त्याच्या पोटात गटार आणि मेट्रो दोन्ही आहेत. नदी अरुंद झाली, त्यामुळं भरतीबी आणखी उंच चढायला लागली. १९५७ ला शास्त्रज्ञांनी ही नदी मेली म्हणून सांगितलं होतं, त्याच नदीत आता शंभरावर जातीचे मासे, आणि सील येतात. शिवाय गेल्या काही वर्षांत नदीच्या खालनं २५ किलोमीटरचा, सात मीटर रुंदीचा नवा बोगदा काढला, मैलापाणी नदीत सांडू नये म्हणून, २०२५ च्या फेब्रुवारीत तो पूर्ण जोडला. आपल्या नदीचा फेस आणि उताणे पडलेले मासे दरवर्षी पेपरात बघून हे वाचलं की काय वाटतं ते लिहीत नाही, रिव्ह्यू लांबतोय.

उपनद्या तर गायबच. खरं म्हणजे लंडनमध्येबी त्यातल्या बऱ्याच गायबच आहेत, जमिनीखाली घातल्यात. फ्लीट, वॉलब्रुक, टायबर्न, एफ्रा. वेस्टबोर्न नावाची नदी स्लोन स्क्वेअर स्टेशनात प्लॅटफॉर्मच्या वरनं लोखंडी पाइपातनं जाते, पोरगी त्याखाली उभारून गाडीची वाट बघते. आमच्या जयंतीला सगळे नाला म्हणतात, मुळात नदीच ती, आजोबा नदीच म्हणायचे. नकाशात या गाडलेल्या नद्या नुसत्या तुटक रेघेनं दाखवल्या असत्या तरी माल लाख मोलाचा झाला असता. तुटक रेघ तिथं मारायची होती!

पावसाळ्यात काय झालं. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पश्चिमेच्या भिंतीला ओल धरली आणि एमडीएफ फुगला. टॉवर ब्रिजपासून खाली तळाचे दोन थर सुटले, वरचा प्लाय पोट काढून बाहेर आला. उतरवला, शेडवर नेला, थर वेगळे केले, फेविकॉल लावून रात्रभर क्लॅम्प, मागून आणि कडांना सीलरचे दोन हात. आता टकाटक आहे. पण हे काम माझं नव्हतं, विकणाऱ्याचं होतं. मुंबई, कोकण, कोल्हापूर, सातारा, जिथं पावसात पापड मऊ पडतो तिथल्या लोकांनी हा घेतला तर आधी मागची बाजू सील करून घ्या, कुठल्याबी सुताराकडं पन्नास-शंभर रुपयात होईल, आणि बाहेरच्या भिंतीला अजिबात लावू नका. सोबत दिलेले खिळे फेकून द्या, वजनाला पुरत नाहीत, स्क्रू आणि गट्टू वापरा.

घ्यावा का? पोरंबाळं तिकडं असतील आणि घरच्यांना बोटानं दाखवायचं असेल तर घ्या, त्या कामाला एक नंबर. भूगोल शिकवायला शाळेसाठी घेणार असाल तर नको, पोरं वळणावरचा डोह मधोमध आहे असं शिकतील आणि कुठंतरी पोहायला जाऊन बुडतील. गिफ्ट म्हणून ४,८०० जास्त आहेत, साडेतीनला ठीक.

आता माझ्या भिंतीवरचा नकाशा जसा आला तसा राहिलेला नाही. आयल ऑफ डॉग्जची जीभ मी शेडमधल्या सागवानाच्या कपच्यातनं परत केली, नस उभी ठेवून. रंग जुळत नाही, पिवळट दिसते, येणारा-जाणारा विचारतो हे काय. त्या टोकावरनं ग्रीनविचला नदीखालनं पायी जायचा बोगदा आहे, १९०२ सालचा, पावणेचारशे मीटरच्या आसपास लांब, पोरगी कधी कधी त्यातनं चालत जाते, तिथं दोन पितळी टाचण्या ठोकून मध्ये लाल दोरा बांधलाय. बॅरियरच्या जागी स्टेनलेसची पट्टी, दहा खाचा पाडून. आणि फ्रेमच्या उजव्या कडेला राजाराम बंधाऱ्यासारखी पट्टी आखली, शून्य ते तेवीस फूट, त्यावर एक लाकडी काटा, हातानं वरखाली होतो. पोरगी सकाळी भरतीची वेळ टाकते आणि तिची आई स्टूलवर चढून काटा सरकवते. ऑगस्टमध्ये इकडं पाणी इशाऱ्याच्या जवळ गेलं तेव्हा चार दिवस काट्याला कुणी हात लावला नाही, आम्ही घाटाकडं चकरा मारत होतो, मच्छिंद्री होते का, म्हणजे पाणी पुलाच्या ठरल्या खुणेपर्यंत चढतं का, बघायला शिवाजी पुलावर ही गर्दी. पोरीचा मेसेज आला, पप्पा किती फूट? मी आकडा टाकला. तिचं उत्तर, "जामदार क्लबपर्यंत आलं का?" मी म्हटलं अजून नाही. पाच मिनिटांनी तिनं ग्रीनविचचा फोटो टाकला, ओहोटी, सगळ्या पायऱ्या उघड्या.